फॉर्मवरचा धर्माचा रकाना: पुण्यातल्या एका मराठी मंडळीतलं प्रकरण

मी महसूल खात्यात नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं जातीच्या दाखल्यांच्या टेबलावर गेली. मी ख्रिस्ती आहे, पण इथे लिहिलेल्या मंडळीची, म्हणजे चर्चची, सभासद नाही. ख्रिस्ती मुलीने फॉर्मवर ‘हिंदू’ लिहून अनुसूचित जातीचा दाखला वापरावा का, हा तिथला प्रश्न. तिथल्या पाळकसाहेबांनी (पास्टरांनी) कागदपत्रांची बाजू समजावून द्यायला बोलावलं आणि मी त्यात ओढली गेले. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, त्या मुलीच्या काकांच्या बाबतीत तर जरा जास्तच. घरच्यांनी मजकूर वाचून होकार दिल्यावरच तो पुढे देते आहे.

पार्श्वभूमी

प्राजक्ता येरवड्यात वाढलेली मुलगी. वडील मार्केटयार्डातून मालाचा टेम्पो चालवतात, आई एका खासगी दवाखान्यात आया आहे. दोन खोल्यांत आजी, आई-वडील, प्राजक्ता आणि धाकटा भाऊ. मूळ गाव नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर). त्या भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 पासून होतं. महारवाड्या-मांगवाड्यांमधली कित्येक घरं त्या काळापासून पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती आहेत. प्राजक्ताच्या आजोबांचा बाप्तिस्मा मात्र उशिरा, पन्नासच्या दशकात झाला. पुढे थोड्याच वर्षांत बाबासाहेबांच्या मागोमाग त्यांची बाकीची भावकी बौद्ध झाली. एका आळीत, एका आडनावाची, काही घरं बौद्ध आणि दोन-तीन ख्रिस्ती.

मुलांना शाळेत घालायची वेळ आली तेव्हा मास्तरांनी कोणाला काही न विचारता सगळ्यांपुढे ‘हिंदू महार’ लिहून टाकलं. ते दुरुस्त करायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. पुढे ध्यानात आलं, तेव्हा ते दुरुस्त न करण्यातच फायदा होता.

कायदा इथे थोडा सांगायलाच हवा. 1950 च्या अनुसूचित जातींच्या राष्ट्रपती आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदानुसार सुरुवातीला फक्त हिंदूंनाच अनुसूचित जातीत धरलं जाई. 1956 साली त्यात शीख आले, 1990 साली बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. म्हणून आळीतले चुलतभाऊ आज ‘बौद्ध’ असं छातीठोकपणे लिहून अनुसूचित जातीचा दाखला घेतात, आणि त्याच आजोबा-पणजोबांची ख्रिस्ती नातवंडं खरं लिहितील तर त्यांना तो मिळत नाही. गावात मात्र त्यांना कोणी वेगळं धरलेलं नाही. आजी सांगते, बाप्तिस्मा झाल्यावरही पाटलाच्या वाड्यावर भाकरी वरूनच टाकत. रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 साली हा परिच्छेद काढून टाकायची शिफारस केली, सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून याचिका पडून आहेत, 2022 साली केंद्राने न्या. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. तोवर परिच्छेद जागच्या जागी आहे.

महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात. हे पुष्कळांना माहीत नसतं. ज्यांना असतं त्यांनाही तो दाखला काढायचा म्हणजे आधी आपण ख्रिस्ती आहोत हे सरकारदरबारी कबूल करावं लागतं.

प्राजक्ताचे थोरले काका एका सरकारी कार्यालयात कारकून आहेत, अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर. त्यांच्या जात पडताळणीच्या वेळी दक्षता पथक घरी चौकशीला येणार असं कळलं, तेव्हा सगळं कुटुंब एकत्र राहत होतं. टीव्हीच्या वर ‘ख्रिस्त या घराचा मस्तक आहे’ अशी लाकडी पाटी होती. ती काढून पलंगाखाली, गोधडीत गुंडाळून ठेवली. भिंतीवर पाटीच्या आकाराचा फिकट चौकोन राहिला, म्हणून शेजारून गणपतीचं कॅलेंडर आणून त्यावर टांगलं. प्राजक्ता तेव्हा पहिलीत असेल. कोणी विचारलं तर आपण काही बोलायचं नाही, एवढं तिला सांगितलं होतं. कोणी विचारलंही नाही. पाहुणे चहा पिऊन गेले.

प्रश्न कुठे उभा राहिला

बारावी सायन्सच्या वर्षी दोन गोष्टी एकदम आल्या. कॉलेजच्या ऑफिसातून जात वैधतेचा अर्ज भरा म्हणून तगादा सुरू झाला, कारण राखीव जागेवर इंजिनिअरिंगला जायचं तर वैधता प्रमाणपत्र लागतं. दहावीनंतर काकांच्या कागदांवरून काढलेला ‘हिंदू महार’ असा जातीचा दाखला तिच्याकडे होताच. आणि जानेवारी 2025 मध्ये मंडळीत दृढीकरणाचा वर्ग सुरू झाला. दृढीकरण म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी मोठेपणी स्वतःच्या तोंडून विश्वास कबूल करायचा विधी. उन्हाळ्यात बिशपसाहेब येणार होते.

वर्गात विषय होता ख्रिस्ताला लोकांसमोर कबूल करण्याचा. येशूचा शिष्य पेत्र याने अंगणातल्या शेकोटीपाशी त्याला तीनदा नाकारलं, तो भाग वाचून झाला होता. प्राजक्ताने विचारलं, “रविवारी वेदीपुढे होय म्हणायचं आणि सोमवारी फॉर्मवर हिंदू लिहायचं, हे चालतं का?”

वर्गातल्या दहा-बारा मुलांपैकी निम्म्यांनी मान खाली घातली. पाळकसाहेबांच्या जागी दुसरा कोणी असता तर ‘पुढच्या वर्गात बघू’ म्हणाला असता. ते म्हणाले, “माझ्या स्वतःच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर हिंदू महार आहे. मी त्यावर कधी काही घेतलं नाही, पण बदलूनही घेतलं नाही. त्यामुळे आज मला तुला पटकन उत्तर देता येत नाही.” पोरांनी घरी जाऊन हे सांगितलं आणि आठवड्याभरात सगळ्या मंडळीला कळलं.

त्याला आणखी एक धार होती. 26 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीतल्या एका प्रकरणात निकाल दिला होता की ख्रिस्ती धर्म पाळत असताना केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवून घेणं ही संविधानाची फसवणूक आहे. तो निकाल मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कोणीतरी टाकला होता, आणि दहा मिनिटांत काढूनही टाकला होता.

समोरचे पर्याय

घरात आणि मंडळीत मिळून चार वाटा बोलल्या गेल्या.

पहिली, आहे तसं चालू द्यायचं. वैधतेचा अर्ज भरायचा, दृढीकरण चार वर्षं पुढे ढकलायचं. वडिलांचा कल इकडे होता, आणि त्यांच्याकडे शास्त्राधार होता. बायबलमधला अरामी सेनापती नामान बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला म्हणाला, की धनी माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात नमन करील तेव्हा मलाही वाकावं लागेल, तेवढी क्षमा असावी. अलीशाने त्याला शांतीने जा म्हटलं. “मग माझ्या पोरीलाच का वेगळा न्याय?” असा त्यांचा सवाल. टेम्पो चालवणारा माणूस ‘दुसरे राजे’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायावर एवढा ठाम बोलतो, हे मला आवडलं.

दुसरी वाट भावकीतून आली. बौद्ध झालेल्या एका चुलत्याने, अगदी मनापासून, सांगितलं की पोरीला बौद्ध दाखवा, विहारातून पत्र मी आणून देतो, आपलं रक्त एकच आहे. प्राजक्ताने हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते खरंच बौद्ध आहेत. मी त्यांच्या धर्माचं नाव उसनं घेतलं तर त्यांचाही अपमानच की.” ही वाट तिथेच मिटली.

तिसरी, धर्म ख्रिस्ती लिहायचा आणि इतर मागासवर्गाचा दाखला काढायचा. कागदावर ही सगळ्यात चांगली वाट होती. जुलै 2024 पासून राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागासवर्गीय मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, आणि आजोबांची बाप्तिस्म्याची नोंद त्याच्या बरीच आधीची होती. अडचण वंशावळीची. दाखला असो की पडताळणी, वडिलांकडची वंशावळ प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागते. त्यात आजोबा ख्रिस्ती म्हटले की त्यांचे सगळेच मुलगे ख्रिस्ती घरात जन्मलेले ठरतात, काका त्यात पहिले.

आणि त्याचे परिणाम काय होतात हे मला टेबलावरून माहीत होतं. महाराष्ट्राचा जात प्रमाणपत्र आणि पडताळणीचा 2000 सालचा कायदा कडक आहे. दाखला खोटा ठरला तर त्यावर मिळालेला लाभ काढून घेता येतो, शिवाय सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा दोन हजार ते वीस हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच प्रकरणांत स्पष्ट केलं, की दाखला अवैध ठरल्यावर त्यावर मिळवलेली नोकरी टिकत नाही. काकांची निवृत्ती चार वर्षांवर होती.

चौथी, धर्म ख्रिस्ती, प्रवर्ग खुला. कोणाला धक्का नाही, पण खासगी इंजिनिअरिंग कॉलेजची फी वर्षाला लाखाच्या वर. वडील महिन्याला वीस हजारांच्या आसपास घरी आणतात. अल्पसंख्याकांसाठीची शिष्यवृत्ती आहे, पण तिलाही धर्म सिद्ध करावा लागतो आणि सगळ्या दाखल्यांवर हिंदू.

कमिटीत काय झालं

मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीने मला बोलावलं ते या टप्प्यावर. बैठक संध्याकाळच्या उपासनेनंतर पाठीमागच्या खोलीत, रविवारच्या शाळेच्या छोट्या बाकांवर बसून. कागदपत्रांबद्दल बोलायला मला पंधरा मिनिटं पुरली. उरलेला वेळ मी ऐकत होते.

एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचं उदाहरण दिलं. त्यांचं शारदा सदन, विधवा-मुलींची निवासी शाळा, 1890 साली पुण्यात आलं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडं असे. ज्या मुलींना वाटे त्या येऊन बसत. यावरून 1893 साली पुण्यात वादळ उठलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. पण बाईंनी दार लावून घेतलं नाही. “आपण त्याच शहरात आहोत,” शिक्षिकाबाई म्हणाल्या.

त्यावर प्राजक्ताची आई पहिल्यांदाच बोलली. “रमाबाईंच्या मागे अमेरिकेतनं पैसा येत होता. आमच्या मागे कोण आहे?”

खोलीत कोणी बोलेना. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मर्म या एका प्रश्नात आहे. त्या कमिटीत बसलेल्या माणसांपैकी निदान तिघांच्या घरात राखीव जागेवरच्या नोकऱ्या होत्या, त्या पेन्शनीपर्यंत पोचल्या होत्या. खरेपणाची पहिली परीक्षा द्यायची वेळ आली ती ज्या मुलीच्या हातात अजून काहीच नाही तिच्यावर. आणि ती परीक्षा घेणारे ते.

एका तरुण प्राध्यापकाने उलटी बाजू मांडली, आणि ती हलकी नव्हती. तो म्हणाला, जो कायदा माणसाची जात गावात तशीच ठेवतो आणि कागदावर मात्र धर्म विचारून काढून घेतो, तो कायदाच अप्रामाणिक आहे. त्याच्यापुढे प्रामाणिक राहायची सक्ती गरिबाने का पाळावी? बायबलमधले हनन्या आणि सप्पीरा जागीच मरून पडले ते मंडळीशी खोटं बोलले म्हणून, सरकारशी नव्हे. यावर कोणीतरी बंदी असतानाही खिडकी उघडी ठेवून प्रार्थना करणाऱ्या दानीएलाची आठवण दिली आणि मग खूप वेळ वचनांना वचनं लागत गेली. अशा बैठकांत हे होतंच.

मला प्राध्यापकाचा अर्धा मुद्दा पटतो. आदेश अन्यायाचाच आहे. पण खोट्या प्रतिज्ञापत्राने त्या अन्यायाशी कोणी लढत नाही. उलट, जेवढी माणसं हिंदू म्हणून नोंदली जातात तेवढी ख्रिस्ती दलितांची संख्या कागदावर कमी दिसते आणि याचिकांतला मुद्दाच दुबळा होतो. हे मी तिथे बोलले. प्राजक्ताच्या वडिलांनी शांतपणे विचारलं, “म्हणजे आकडा वाढवायला माझी पोरगी?” माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

खजिनदारांनी शेवटी मुद्द्याचं विचारलं: फी किती, आणि आपण किती देऊ शकतो. शिक्षणफंडात त्या दिवशी जे होतं त्यात एका खासगी कॉलेजचं अर्धं वर्षही निघालं नसतं.

काका

निर्णय व्हायच्या आधीच काकांना कळलं. गायनमंडळातल्या कोणीतरी काकूंना फोनवर सांगितलं. ते शनिवारी संध्याकाळी आले. पाळकसाहेब आणि मी योगायोगानेच तिथे होतो. आजीचे प्रतिज्ञापत्रापुरते जबाब लिहून घेत होतो.

काका चप्पल काढून दारातच उभे राहिले. चहा नको म्हणाले. धाकट्या भावाला म्हणाले, “तुझ्या पोरीच्या साक्षीपायी माझी नोकरी घालवू नकोस. तुझी बारावीची फी मी त्याच पगारातून भरली होती.” ते खरंच होतं. याच घराचं भाडंही कित्येक महिने त्यांनीच दिलं होतं.

आजी कॉटवर बसून होती. तिने मला विचारलं, “बाई, ह्या कागदावर थोरल्याचं नाव टाकावंच लागतं का?” मी हो म्हटलं. वंशावळीतून मुलगा गाळला तर ते प्रतिज्ञापत्रच खोटं. “मग असलं खरं काय कामाचं?” ती म्हणाली, आणि पुढे आम्ही लिहिलेल्या कागदावर तिने अंगठा दिला नाही.

त्या संध्याकाळी प्राजक्ता काही बोलली नाही. नंतर पाळकसाहेबांना तिने जे सांगितलं ते त्यांनी मला कळवलं: “मी माझ्याबद्दल खोटं लिहिणार नाही. पण काकांबद्दल खरं सांगायला मला कोणी विचारलेलं नाही.” म्हणजे चौथी वाट. इतर मागासवर्गाचा दाखला, त्यामागची फीमाफी, हे सगळं ती काकांच्या निवृत्तीपर्यंत तरी सोडून देत होती. हक्काचं होतं तेसुद्धा.

कमिटीत यावर एकमत झालं नाही. दोघांचं म्हणणं होतं की हे अर्धं सत्य आहे, गप्प राहणं हाही खोटेपणाच. मला तसं वाटत नाही. आपल्या तोंडून खोटं न जाणं ही एक गोष्ट, दुसऱ्याचं उघड करणं ही वेगळी. ख्रिस्ताने ‘होय तर होय, नाही तर नाही’ म्हटलं ते ज्याच्या त्याच्या बोलण्याबद्दल. पण हे माझं मत आहे, आणि पाळकसाहेबांचंही पूर्ण तेच आहे असं नाही.

काय केलं

वकिलांचा सल्ला घेतला. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती म्हणजे वैधतेचा अर्ज भरू नका आणि आधीचा जातीचा दाखला कुठेही वापरू नका. दुसरी, वंशावळ न लागता धर्माची नोंद बदलता येईल तेवढी बदला. मुलीला अठरा पूर्ण झाली होती. तिने स्वतःच्या नावाने ख्रिस्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं, सोबत बाप्तिस्म्याचा दाखला जोडला आणि राजपत्रात धर्माच्या नोंदीची जाहिरात दिली. शाळेच्या दाखल्यावरची नोंद शाळा सोडल्यावर सहजासहजी बदलत नाही. ती तशीच आहे. आता दोन्ही कागद ती एकत्र जोडते आणि विचारलं तर सांगते.

अकरावीत तिच्या नावाने अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती आली होती. रक्कम फार नव्हती, तीन हजारांच्या आतली. ती परत करायची असं तिनेच ठरवलं. हे काम सगळ्यात अवघड निघालं. कॉलेजचा कारकून म्हणाला, परत कोण करतं, असा फॉर्मच नाही. समाजकल्याणच्या कार्यालयात अर्ज दिला तर तिथल्या बाई तो पुन्हापुन्हा वाचत राहिल्या, मग त्यांनी साहेबांना दाखवला. कारण काय लिहायचं यावर चर्चा झाली. ‘अनवधानाने’ असं लिहा, असं साहेबांनी सुचवलं. प्राजक्ताने ‘मी या योजनेस पात्र नसल्याने’ असं लिहिलं. शेवटी कोणत्या लेखाशीर्षात भरायचं ते त्यांनी शोधून दिलं आणि ग्रासवर (सरकारी पैसे भरायच्या संकेतस्थळावर) चलन भरलं. त्या बाईंनी जाताना तिला विचारलं, “तुम्ही चर्चवाले का?” ती हो म्हणाली. सरकारी कार्यालयात तिने हे पहिल्यांदाच म्हटलं.

इंजिनिअरिंगच्या फीचं गणित जमत नव्हतं, तेव्हा तिच्या कॉलेजातल्या एका सरांनी पदविकेची वाट दाखवली. बारावी सायन्स झालेल्यांना पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि शासकीय तंत्रनिकेतनाची फी खासगी पदवी कॉलेजच्या मानाने फारच कमी असते. तिथून पुढे पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे एक वर्ष जास्त, पण वाट बंद नाही. हा सल्ला कमिटीतल्या कोणाला सुचला नव्हता. सगळे वचनं शोधत होतो.

निष्पत्ती

2025 च्या जुलैअखेर तिला एका शासकीय तंत्रनिकेतनात खुल्या प्रवर्गातून जागा मिळाली, पहिल्या पसंतीची शाखा नव्हे. पहिल्या वर्षाची फी आणि पुस्तकं मंडळीच्या फंडातून गेली, बसचा पास वडिलांनी काढला. दृढीकरण मे महिन्यातच झालं होतं. काका आले नाहीत, आजी आली.

काका अजून भावाच्या घरी येत नाहीत. त्यांच्या नोकरीला आजवर काही झालेलं नाही. आजीला भेटायचं असलं की ते तिला रिक्षा पाठवतात.

मंडळीत दोन उलटसुलट गोष्टी झाल्या. तरुण संघाच्या शिबिरात प्राजक्ताने साक्ष द्यावी, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सगळ्यांसमोर सांगावा, असा आग्रह सुरू झाला, पुण्याबाहेरच्या मंडळ्यांतूनही निरोप आले. तिने सगळ्यांना नाही म्हटलं, कारण तिची गोष्ट सांगायची तर काकांचीही सांगावी लागते. काहींना हे रुचलं नाही. जिने एवढं सोसलं तिने ते सांगायलाही नको का, असा सूर होता. माझ्या मते तिची साक्ष समाजकल्याणच्या टेबलावर देऊन झाली होती. दुसरी गोष्ट अशी की तीन-चार घरांनी रविवारी येणं कमी केलं. पाळकसाहेब आता दृढीकरणाच्या किंवा लग्नाच्या वेळी दाखले बघायला मागतील अशी अफवा होती. त्यांनी उपासनेच्या शेवटी, सूचनांच्या वेळी, उभं राहून सांगितलं की मंडळी कोणाचाही जातीचा दाखला कधीही मागणार नाही. दोन घरं परत आली.

वेगळं काय करता आलं असतं

काकांशी आधी बोलायला हवं होतं, हे तर उघड आहे. गायनमंडळाकडून कळण्याऐवजी धाकट्या भावाकडून कळलं असतं तर ते दारात उभे न राहता आत बसले असते, इतपत फरक पडला असता. निर्णय कदाचित तोच झाला असता. कमिटीत नऊजण होते, त्यांच्या घरचे धरले तर विषय गुप्त राहणं शक्यच नव्हतं. पहिली बैठक कमिटीची न होता त्या कुटुंबाची व्हायला हवी होती, आणि तिला थोरला भाऊ हवा होता.

दुसरं, हा प्रश्न अठराव्या वर्षी सोडवायचा नसतोच. तो जन्मनोंदणीच्या वेळी आणि पहिलीच्या प्रवेशअर्जावर सुटतो. त्या अर्जावर धर्म ‘ख्रिस्ती’ लिहिला तर पुढे कोणाला काही परत करावं लागत नाही, आणि मागासवर्गाचा हक्कही योग्य वाटेने मागता येतो. पण बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांना शपथा विचारणाऱ्या मंडळ्या त्यांना शाळेच्या अर्जाबद्दल चकार शब्द सांगत नाहीत. या मंडळीने आता बाप्तिस्म्याच्या आधीच्या भेटीत तेवढं सांगायला सुरुवात केली आहे. काही घरं ऐकतात. काही ऐकून घेतात आणि मास्तरांवर सोडतात.

तिसरं नोंदवह्यांचं. आजोबांच्या बाप्तिस्म्याची वही शोधायला पाळकसाहेब गावी गेले होते. 1970 साली निरनिराळ्या मिशनच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, त्या वाटावाटीत जुनी दप्तरं कुठल्या कुठे गेली. ही वही मंदिराच्या पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या सतरंज्यांखाली सापडली. जांभळी शाई, नाव, आधीचं नाव, वय, गाव, जात, बाप्तिस्मा देणाऱ्याची सही, असे रकाने. काही पानं वाळवीने नेली होती, नशिबाने ते पान शाबूत होतं. गरज पडेल तेव्हा तोच कागद प्राजक्ताला आणि तिच्या भावाला मागासवर्गाचा दाखला मिळवून देईल. अशी वही प्रत्येक गावात आहे आणि प्रत्येक गावात वाळवी आहे. तिचे फोटो काढून ठेवायला एक दुपार लागते. हे काम तरुण संघाने अंगावर घेतलं आहे, निदान ठरलं तरी आहे.

आणि फंड. कमिटीने ठराव केला आहे की खरं लिहिल्यामुळे ज्याची सवलत जाईल त्याच्या शिक्षणाला मंडळी हातभार लावेल. ठराव करताना कोणी विरोध केला नाही. त्याच बैठकीत पाळकसाहेबांनी सुचवलं की ज्या घरांत राखीव जागेवरची पेन्शन येते त्यांनी स्वखुशीने, नाव न लिहिता, दर महिन्याला काही टाकावं. त्यावर मात्र चर्चा पुढच्या बैठकीवर गेली, आणि त्याच्याही पुढच्या. खजिनदारांच्या हिशेबाने आज फंडात एका मुलाला एक वर्ष पुरेल एवढे पैसे आहेत. येत्या जूनसाठी दोन मुलांनी विचारलं आहे, त्यांतला एक प्राजक्ताच्या वर्गात मान खाली घालून बसलेला मुलगा आहे.